सात चिंध्यांचा मुद्देमाल

निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी सांगू लागला की त्याला आधी दरोडे आठवतात, मग खून, आणि मग स्वतःला मिळालेली प्रशस्तिपत्रे. मला एक पत्र्याची ट्रंक आठवते. तिच्यात हत्यार नव्हते, सोने नव्हते. तरीही तिची आठवण आली की आजही डोके तापते, आणि तो राग सगळ्यात जास्त माझ्यावरच निघतो.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. गरीब घरांतल्या बायकांच्या खात्यात सरकार दर महिन्याला थेट पैसे जमा करू लागले होते. त्याचा सोहळा तालुक्याला झाला, तेव्हा बंदोबस्त माझ्याकडे होता. गावोगावच्या बायका गाड्या भरून आणल्या होत्या. पाहुण्यांना पंखे होते, बायकांना नुसती स्वागताची कमान होती. पैसे बटण दाबून जाणार होते, म्हणजे बायका घरी बसल्या असत्या तरी गेले असते. पण मग भाषणे कुणाला ऐकवायची? चार तास उन्हात काढल्यावर एक म्हातारी माझ्यापाशी आली.

"साहेब, पैसे इथं वाटणार हायत का?"

"नाही मावशी. खात्यात येतील."

"मंग आमाला इथं कशाला आणलंय?"

मी तिला पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवले. वर्षभराने तीच बाई माझ्यासमोर संशयित म्हणून बसली. तेव्हा मात्र प्रश्न मी विचारत होतो.

दसऱ्याला तीनेक आठवडे होते. सकाळची हजेरी उरकून मी स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात एक मोठे बागायतदार आत आले आणि न सांगता खुर्चीवर बसले. गाव त्यांना मालक म्हणते, मीही तेच म्हणतो. मोसंबीची बाग व्यापाऱ्याला दिली होती. त्याचे रोख ऐंशी हजार, सगळ्या पाचशेच्या नोटा, कपाटातून गेल्या होत्या.

"चोर कोण ते बी सांगून टाकतो साहेब," मालक म्हणाले. "तुमचं काम जल्दी होईल. आमच्या गोठ्यात शेण काढायला एक बाई होती. बौद्धवाड्यातली, नवरा मेलेली. सरकारचे पैसे सुरू झाले आन् कामाला यायची बंद झाली. माज आला. आता तिच्या घरी ट्रंक भरून नोटा हायत म्हणं. शेण काढणाऱ्या बाईकडं येवढा पैसा आला कुठून?"

पोलीस खात्यात खबरेला किंमत असते, पण खबर देणाऱ्याची किंमत त्याहून जास्त लावली जाते. फिर्याद देणारा खुर्चीवर बसलेला होता आणि त्याने सांगितलेली बाई कधीच खुर्चीवर बसली नव्हती. मी फिर्याद नोंदवली. नवा कायदा आला होता, कलमांचे आकडे बदलले होते. आमची नजर जुनीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच, एक जुने हवालदार आणि महिला पोलीस नाईक असे आम्ही त्या घरी गेलो. एक खोली, वर पत्रे, सारवलेली जमीन. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्याखाली ट्रंक, ट्रंकेला कुलूप. बाईला पाहताच मी ओळखले, सोहळ्यातली म्हातारी. तिनेही ओळखले असावे. कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून तिने नाईकबाईंच्या हातात दिली.

"ट्रंक उघडा," ती म्हणाली. "पर गाठी सोडू नका."

ट्रंकेत कपड्यांखाली सात लहान पोटल्या होत्या. नव्या कायद्याप्रमाणे झडतीचे चित्रीकरण करावे लागते, ते हवालदार मोबाईलवर करत होते. मी म्हणालो, "सोडा सगळ्या. एकत्र मोजा."

एकतीस हजार चारशे रुपये निघाले. नोटा बहुतेक शंभराच्या आणि दोनशेच्या, मऊ पडलेल्या. हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, मालकाच्या नोटा तर पाचशेच्या होत्या ना?"

"मोडल्या असतील," मी म्हणालो.

तपास करणाऱ्याला एकदा उत्तर आवडले की पुरावा त्या मापाने शिवता येतो. हे मी प्रशिक्षणात नव्या मुलांना शिकवलेले होते. नोटा पाकिटात गेल्या, पाकिटावर लाखेचे सील आणि पंचांच्या सह्या. चिंध्या जमिनीवरच राहिल्या. पंचनाम्यात त्यांना जागा नव्हती.

मी तिला अटक केली नाही. नोटीस देऊन चौकशीला बोलावले आणि दोन दिवस सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले. 'बसवून ठेवणे' हे कोणत्याच कायद्यात नाही, पण प्रत्येक ठाण्यात त्यासाठी एक बाकडे असते.

"मावशी, पैसे कुणाचे?"

"माझे न्हाईत."

"म्हणजे मालकाचे?"

"त्याचे तर बिलकुल न्हाईत."

"मग कुणाचे?"

"ज्यांचे हायत त्यांचे."

"त्यात तुमचं काहीच नाही?"

"माझी गाठ न्हाई त्यात. माझे पैसे मी खाते. म्हातारीला साठवून काय करायचं?"

"नावं सांगा मग. आत्ता सोडतो."

तिने भिंतीकडे तोंड केले. संशयित खोटे बोलू लागला की आम्हाला बरे वाटते, कारण खोट्याला टोक असते, ते धरून ओढता येते. गप्प बसणाऱ्याला काय धरणार? मग मी दुसरा मार्ग घेतला आणि मालकाचा शब्द माझ्या तोंडून बाहेर आला.

"गोठ्यातलं काम का सोडलं? सरकारने दिलं म्हणून माज आला?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "माज कशाचा साहेब? तेल-मीठ माझ्या पैशाचं यायला लागलं. मंग मालकाच्या घरचं शिळं कालवण सुटलं. येवढंच झालं. आता ते शिळं त्यांच्या कुत्र्याला घालावं लागून राह्यलं, त्याचा राग हाय त्यांना."

बाहेरच्या टेबलावर ठाणे अंमलदार हसला. मी हसलो नाही, कारण विनोद माझ्यावरही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आपणहून बोलली. "साहेब, मला ठेवायचं तर ठेवा. पर दसऱ्याच्या आत पैसे देऊन टाका. त्यातली एक गाठ एका पोरीची हाय. नववीला हाय पोरगी. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले की तिला वस्तीगृहात ठेवायचा खर्चा हाय तो. पैसे न्हाई मिळाले तर ती बी कोयत्यावर जाती."

"कुणाची पोरगी?"

तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केले. मला वाटले, बाई गोष्ट रचून सांगते आहे. गरीब माणूस खरे सांगतो तेव्हा ते गोष्टीसारखेच वाटते, आणि मोठा माणूस गोष्ट सांगतो ती फिर्याद म्हणून नोंदवली जाते.

त्या दिवशी चार वाजता महिला पोलीस नाईक माझ्या खोलीत आल्या. टेबलावरची फाइल बाजूला सरकवून त्यांनी सात चिंध्या ओळीने मांडल्या.

"ह्या काय आणल्यात?"

"पंचनाम्यात घेतल्या न्हवत्या साहेब. केराबरोबर गेल्या असत्या, म्हणून मी उचलून आणल्या. बघा जरा. ही हिरव्या खणाची, ही पिवळ्या लुगड्याची, ही शाळेच्या झग्याची. एका घरातली कापडं हायत का ही?"

"बाईने कुठून तरी गोळा केली असतील."

"साहेब, तिला लिहिता येत न्हाई. सात जणींनी पैसे ठेवायला दिले, तर कुणाची गाठ कोणती हे तिनं कसं वळखायचं? जिचे पैसे तिच्याच लुगड्याचं फडकं. आमची आजी दळणाच्या पिशव्या अशाच वळखायची."

"आणि घरी का नाही ठेवत त्या?"

नाईकबाईंनी माझ्याकडे दया आल्यासारखे पाहिले. "घरी नवरा असतो साहेब. खात्याला मोबाईल नंबर बी त्याचाच असतो. पैसे आले की मेसेज त्याला आधी. बाई काढून आणती, घरात देती, आन् त्यातले तीन-चारशे कुठंतरी दडवती. गावात सगळ्यात बराबर जागा कोणती? ज्या घरात पुरुष न्हाई ती."

आम्ही झडतीचे चित्रीकरण पुन्हा लावले. पडद्यावर सात पोटल्या स्पष्ट दिसत होत्या, प्रत्येकीची गाठ वेगळ्या हाताची. मग एक आवाज आला, "सोडा सगळ्या. एकत्र मोजा." हा आवाज इतका मठ्ठ कसा, असे मला वाटले. तो माझा होता.

सहा चिंध्या सुती होत्या, धुऊन विरलेल्या. सातवी वेगळी होती, आंबा रंगाची, जाड, जरीच्या काठाची. तसे कापड त्या गल्लीत कुणाच्या अंगावर मी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी बाईला घरीच राहायला सांगितले आणि घटनास्थळ पुन्हा पाहायचे म्हणून मी नाईकबाईंना घेऊन मालकाच्या बंगल्यावर गेलो. बैठकीत गादी, तक्के, लोड. मालक सरकारच्या फुकट पैशाने मजूर कसे बिघडले यावर बोलत होते. हे बोलताना ते ज्या ठिबकच्या नळ्यांकडे बोट दाखवत होते त्यांवर सरकारी अनुदान होते, पण अनुदान या शब्दाला प्रतिष्ठा आहे. पैसे म्हटले की ते फुकट होतात.

मी टेकलो होतो त्या लोडाचा अभ्रा आंबा रंगाचा होता. जरीच्या काठाचा. जुन्या साडीतून शिवलेला.

घरची सून पदर घेऊन चहा घेऊन आली. मी अभ्र्यावर हात ठेवला. तिने माझा हात पाहिला आणि चहा तिथेच टेकवून ती आत वळली. नाईकबाई पाणी पिण्याच्या निमित्ताने तिच्यामागे स्वयंपाकघरात गेल्या.

नंतर त्यांनी मला सांगितले. सून चुलीकडे तोंड करून बोलली होती. "मावशीकडं माझी बी गाठ हाय ताई. येवढ्या मोठ्या घरात माझ्या हातात रिक्षाला दहा रुपये नसतात. सरकारचे पैसे माझ्या बी खात्यात येतात, त्यातले थोडे दळणाच्या डब्यातून गिरणीवर पोचवत होते, मावशी तिथून न्यायची. आन् कपाटातले पैसे मावशीनं न्हाई घेतले. ह्यांनीच नेले. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळात हरले. पर माझं नाव घेऊ नका, मला ह्या घरात राह्यचं हाय."

मालकाचे घर गरिबांच्या यादीत कसे आले, हे याद्या करणाऱ्यांना विचारावे. पण त्या घरातली एक व्यक्ती गरीब होती, एवढे यादीने चुकून बरोबर धरले होते.

तिचे नाव घेण्याची गरजच पडली नाही. बँकेत चौकशी केली तेव्हा कळले, मालकाच्या मुलाने चोरीच्या दिवशीच पाचशेच्या नोटा बँकेच्या मशीनमध्ये स्वतःच्या खात्यात भरल्या होत्या. त्याला ठाण्यात आणले, बाकड्यावर बसवले. म्हातारी दोन दिवस बसली तिथे तो पंधरा मिनिटे टिकला.

संध्याकाळी मालक आले. या वेळी उभे होते.

"साहेब, घरचंच परकरण हाय. मिटवून टाकू."

"चोरीची फिर्याद तुमची आहे."

"चोरी कशाची? पोरानं बापाचे पैसे घेतले."

"त्या दिवशी तर चोरी होती."

"तवा मला म्हाईत न्हवतं ना, कुणी घेतलेत ते!"

एवढ्या वर्षांच्या नोकरीत कायद्याची इतकी प्रामाणिक व्याख्या मी ऐकली नव्हती. कोणी घेतले हे कळल्यावर चोरी आहे की नाही ते ठरते.

गुन्हा घडलाच नाही, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. वाटले, प्रकरण संपले. म्हातारी दुसऱ्या सकाळी दारात हजर. "मंग पैसे द्या."

पैसे मुद्देमालाच्या खोलीत सीलबंद होते. एकदा लाख लागली की ती फोडायला न्यायाधीशांचा हुकूम लागतो. हुकूम व्हायला मालकी दाखवावी लागते. मी तिला विचारले, कुठल्या गाठीत किती होते? ती भिंतीकडे पाहत म्हणाली, हिरव्यात इतके, पिवळ्यात इतके, झग्याच्या फडक्यात सगळ्यात जास्त. सातही आकडे मी कागदावर मांडून बेरीज केली. एकतीस हजार चारशे. पंचनाम्याच्या वेळी आम्ही तिघांनी मोजले होते, तरी दोनदा चुकलो होतो.

पण कोर्टाला आकडे पुरत नाहीत, माणसे लागतात. नाईकबाई गिरणीवर जाऊन बायकांशी बोलल्या. सून सोडून सहा जणी जबाब द्यायला तयार झाल्या. नियम असा की साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या घरी जाऊन घ्यायचा. स्त्रियांच्या सोयीसाठी केलेला चांगला नियम आहे. मी तो अक्षरशः पाळला. गणवेशात, सरकारी गाडीतून, सहा दारांपुढे उतरलो. एकाच दिवसात सहा नवऱ्यांना कळले की आपल्या बायकोने पैसे दडवले होते.

त्या बायकांनी वर्षभर जे गुपित दळणाच्या डब्यातून सांभाळले होते, ते मी एका दुपारी कायदेशीर पद्धतीने गावभर केले. गिरणीच्या मागे, नाहीतर शाळेच्या ओसरीत, नाईकबाईंना साध्या वेशात पाठवून जबाब घेता आले असते. मला सुचले नाही. मी नियमाचे पुस्तक वाचले होते, गाव वाचले नव्हते.

दसरा गेला. दिवाळीही गेली. मग कोर्टाची तारीख लागली. झग्याचे फडके जिचे होते ती बाई अंकुशनगर साखर कारखान्याच्या बाजूच्या उसाच्या फडावरून एसटीने आली होती. बोटांना चिरा पडलेल्या.

"पोरगी?" मी विचारले.

"फडातच हाय. मोळ्या बांधती."



सहा जणींनी आपापली गाठ सांगितली. न्यायाधीशांनी विचारले, सातवी कुणाची?

म्हातारी पुढे झाली. "माझी, साहेब."

'माझी गाठ न्हाई त्यात,' हे तिचे बाकड्यावरचे शब्द माझ्या कानात होते. ती शपथेवर खोटे बोलत होती, आणि खोटी साक्ष पकडण्यासाठीच सरकार मला पगार देत होते. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिले. "पोलिसांची काही हरकत?"

"हरकत नाही, साहेब."

बाहेर लिंबाखाली मी पाकीट तिच्या हातात दिले. तिने ते बाजूला ठेवले. "चिंध्या कुठं हायत?" नाईकबाईंनी पर्समधून काढून दिल्या. म्हातारीने मांडी घातली, चिंध्या मांडल्या आणि प्रत्येकीत तिची तिची रक्कम बांधली. आंबा रंगाची गाठ तिने स्वतःच्या कमरेच्या पिशवीत टाकली. पुढचा तपास मी केला नाही.

ऊसतोडीवाल्या बाईचा नवरा फाटकापाशी उभा होता. त्याने नुसता हात पुढे केला. तिने गाठ सोडली, नोटा त्याला दिल्या आणि फडके स्वतःकडे ठेवले. नवरा मोजत पुढे निघाला. तिने फडक्याची बारीक घडी केली आणि म्हातारीच्या हातात दिली.

"ठिव मावशे. पुढल्या महिन्यापासून."

मी म्हातारीला म्हणालो, "मावशी, चूक झाली माझी."

"तुमी म्हनलात, गाठी सोडा," ती म्हणाली. "मी म्हनले होते, नका सोडू. आता पोरीचं वरीस गेलं. तुमच्या चुकीचं काय करू मी? लोणचं घालू?"

या पैशाने गरिबाच्या घरात काय बदलते, यावर मी पुष्कळ भाषणे बंदोबस्तात उभा राहून ऐकली आहेत. चित्र पालटते, क्रांती होते, असे सांगतात. मी पाहिले ते एवढेच, की एक बाई शिळ्या कालवणाला नाही म्हणाली आणि सहा-सात जणींना काही दडवून ठेवण्याजोगे मिळाले. फार लहान गोष्ट आहे. पण ज्याला 'नाही' ऐकायची सवय नसते त्याला ती चोरीसारखी वाटते, आणि तो ठाण्यात येऊन खुर्चीवर बसतो. त्याने विचारलेला 'पैसा आला कुठून' हा प्रश्न मी मालकाला कधी विचारला नव्हता. माझ्या आधीच्या कोणीही विचारला नसावा.

नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मालकाचा फोन आला. काहीच घडले नसल्यासारखा आवाज.

"साहेब, एक खबर हाय. त्या बायका परत पैसे दडवून राह्यल्यात. आता जागा बदलली. घर सांगू का?"

"सांगू नका," मी म्हणालो. "आणि पुन्हा फोन केलात तर ऐंशी हजारांचा तपास पहिल्या पानापासून सुरू करीन."

निरोपसमारंभ थाटात झाला. शाल, श्रीफळ, माझ्या नावाचा फलक, त्यावर नावात एक चूक. वरिष्ठ म्हणाले, या अधिकाऱ्याकडे आलेली एकही खबर तपासाविना सुटली नाही. टाळ्या झाल्या. नाईकबाई मागच्या रांगेत होत्या, त्यांनी वाजवल्या नाहीत.

एक सुटली. तेवढीच मला बरी वाटते.